मर्यादवेल

आमच्या गावचे कब्रस्तान समुद्राला लागून आहे. मध्ये फक्त वाळूचा एक उंचवटा आणि त्यावर पसरलेली मर्यादवेल. पान मधोमध चिरलेले, बकरीच्या खुरासारखे; शास्त्रीय नावातल्या 'पेस-काप्रे'चा अर्थही तोच. जांभळट गुलाबी फुले सकाळी उमलतात, दिवस कलला की मिटतात. गावात तिला फूल म्हणून कोणी मोजत नाही. दादी मात्र म्हणायची, "उखडू नको रे, ती दर्याची हद आहे."

पुढे बी.एड. करून आम्ही उर्दू शाळेत शास्त्र शिकवू लागलो. एकदा वर्गात मराठीतला 'जमिनीची धूप' हा शब्द सांगितला, तर एका मुलीने विचारले, "सर, जमीन को भी धूप लगती है?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. उर्दूत कटाव, मराठीत धूप. फळ्यावर दोन्ही लिहिले. आम्ही स्वतः मात्र दोन्ही भाषांत कच्चेच होतो.

2019 च्या एप्रिलात शबे-बरातीआधी सफाईसाठी आम्ही पंधरावीस जण कोयते, फावडी घेऊन गेलो. काट्याकुट्यांबरोबर उंचवट्यावरची वेलही ओढून काढली. ती पेरापेरातून मुळे सोडते. एक टोक ओढले की ओळीने वाळू उकरून येई. हाताला ते कळत होते, तरी थांबलो नाही. रात्री जियारतीला आलेल्यांनी शाबासकी दिली.

त्याच पावसाळ्यात उंचवटा खचू लागला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आले. किनाऱ्यावरची सुरूची झाडे आडवी झाली आणि कडेच्या दोन कबरींचे जांभ्याचे दगड निखळून खाली आले. त्यातली एक दादीची होती.

वेल असती तर वादळ अडले असते असे आम्ही म्हणत नाही. त्या लाटांपुढे वेलीची काय बिशाद! पण पलीकडे, जिथे आमचे कोयते पोचले नव्हते, तिथली वाळू बरीचशी जागेवर होती. ते डोळ्यांनी पाहिले आणि घरी येऊन कोणाशी बोललो नाही.

दगड पुन्हा बसवले. शाळा बंद होती, तरी मोहल्ल्यातली मुले आली. पलीकडच्या वेलीचे हातभर तुकडे आणून पेरे ओल्या वाळूत दाबली; रताळ्याची वेल लावतात तशीच, दोघी एकाच कुळातल्या. निम्मे तुकडे वाळून गेले. उरलेले धरले, सरकत सरकत दादीच्या पायथ्यापर्यंत आले.

आता सफाईच्या दिवशी आम्ही उंचवट्यापाशी उभे राहतो. कोयतेवाल्या पोरांना सांगतो, इथपर्यंतच. पोरे हसतात, म्हणतात, "सरांची वेल आली."