घोडी, डुक्कर आणि इतिहासाचा मास्तर

घोडा हा प्राणी पुतळ्याखाली, चित्रात आणि वरातीत जितका सोपा दिसतो तितका तो नसतो, हे मला १९७१ च्या डिसेंबरात, उदगीरपासून दोन कोसांवरच्या मामांच्या शेतात कळलं. तोपर्यंत घोड्यांशी माझा संबंध फक्त फळ्यावर आला होता. मी शाळेत इतिहास शिकवीत असे, आणि उदगीरच्या मास्तराने उदगीरची लढाई पोटतिडकीने शिकवली नाही तर किल्ल्यातले उदागीर बाबाही त्याला क्षमा करणार नाहीत. ३ फेब्रुवारी १७६०! सदाशिवरावभाऊ! इब्राहिमखान गारद्याच्या तोफा! निजामाकडून सुमारे साठ लाखांचा मुलूख! हातात डस्टर घेऊन मी मराठ्यांची घोडी अशी चौखूर उधळीत असे की पुढच्या बाकावरच्या पोरांचे चेहरे खडूने पांढरे होत.

ही कीर्ती मामांच्या कानी गेली. नाताळच्या सुटीत मी गावी पोचलो तर ते ओट्यावरून म्हणाले, "काय मास्तर, शाळेत लई घोडे पळवायलास म्हणं? उद्या डुकरामागं जायचंय. चल की."

रानडुकरांनी त्या साली उच्छाद मांडला होता. ज्वारी हुरड्याला आली की ती रात्री शिरायची आणि खायची थोडी, लोळायची फार. दिवसा तुरीत नाहीतर ओढ्याच्या झाडीत पडून राहायची. बांगलादेशचं युद्ध नुकतंच जिंकलेलं होतं, त्यामुळे अंगात वीरश्री होती. मी "हो" म्हणालो. माणसाचं निम्मं आयुष्य अशा एका अक्षराची फळं भोगण्यात जातं.

घोड्यावरून शिकार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गोरे साहेब येतील. त्यांचा थाट मी वाचला होता. मुंबई-पुण्याकडे ते विलायती कुत्र्यांची टोळी घेऊन कोल्ह्यांमागे घोडे घालीत. बालवीरांची चळवळ काढणारे बेडन-पॉवेल तर भाल्याने डुक्कर मारण्यात इतके तरबेज, की १८८३ साली त्यांनी मेरठकडचा कादिर कप जिंकला आणि १८८९ साली त्या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. आमच्या शिकारीत साहेबी असं एकच होतं : वेळेवर निघण्याचा बेत. तोही साडेसातला मोडला, कारण पाटलांचा चहा झाला नव्हता.

स्वार चार. मामा, पाटील, जमादारसाहेब आणि मी. जमादारसाहेब निजामाच्या घोडदळात नोकरी केलेले आणि १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर घरी बसलेले. घरी बसले तरी मांड मात्र घोड्यावरच असल्यासारखी. पाटलांकडे परवान्याची ठासणीची बंदूक, मामांकडे भाला, जमादारसाहेबांकडे अनुभव आणि माझ्याकडे रुमाल. शिवाय डबे वाजवणारे पंधरा-वीस हाकेवाले आणि गावातली सगळी बेवारस कुत्री.

मला मामांनी स्वतःची घोडी दिली. नाव हरणी. रंग कुमैत, कपाळावर चंद्र. "लई गुणी हाय," मामा म्हणाले, "तू निस्ता बसून ऱ्हा. बाकी ती बघती." मी रिकिबीत पाय घातला. तो उजवा होता. त्या पायाने चढलो असतो तर तोंड शेपटीकडे आलं असतं, असं जमादारसाहेबांनी अदबीने सांगितलं.

पहिला अर्धा तास हरणी कदमाने चालली आणि मी मनात अटकेपार पोचलो. मग ती दुडकी धावू लागली. दुडकी ही चाल ज्याने शोधली त्याला खोगीर नसावं आणि हाडंही नसावीत. मी वर जाई तेव्हा ती खाली असे, आणि मी खाली येई तेव्हा ती वर येऊन मला भेटत असे.

एवढ्यात डबे वाजले, कुत्री ओरडली आणि तुरीतून एक काळंकभिन्न डुक्कर बाहेर पडलं. पुढचं सगळं हरणीने ठरवलं. तिने कान मागे टाकले आणि अशी सुटली की माझा "अगं अगं" मागच्याच वावरात राहिला. मी लगाम सोडला आणि तिच्या गळ्याला मिठी मारली. मागून जमादारसाहेबांची हाक आली, "मास्टर, लगाम पकडो! गर्दन नक्को पकडो!" सल्ला उत्तम होता, पण तो अमलात आणायला मिठी सोडावी लागणार होती.

बांधाशी डुक्कर वळलं. हरणी वळली. मी सरळ गेलो.

पडलो तो करडीत. ज्यांनी करडी फक्त तेलाच्या डब्यावर वाचली आहे त्यांना सांगतो, की त्या झाडाला देवाने पानोपानी काटे दिले आहेत आणि एकही वाया घालवलेला नाही. पण काट्यांकडे लक्ष द्यायला सवड नव्हती. दहा-पंधरा हातांवर ते डुक्कर उभं होतं. सुळे मला मोजता येत होते. दोनच होते, पण पुरेसे होते. लढाई शिकवताना पडलेल्या शिपायाच्या मनात काय येतं हे मी कधी सांगितलं नव्हतं. काहीच येत नाही. आई आठवते.

मोकळी घोडी पळून जाते. हरणी पळाली नाही. ती परत आली, माझ्या आणि डुकराच्या मधे आडवी उभी राहिली आणि नाकातून फुरफुरत खुराने माती उडवू लागली. तिच्या चार पायांमधून मला डुकराचे चार पाय दिसत होते. ते थोडा वेळ थांबले आणि मग ओढ्याकडे गेले. त्यानंतर पाटलांची बंदूक उडाली. आवाज झाला, धूर झाला, बाकी काही झालं नाही.

त्या रात्री मामी कंदिलाच्या उजेडात माझ्या पाठीतले काटे उपटत होत्या आणि सगळं गाव हुरडा खात ते बघत होतं. हसले नाहीत ते फक्त मामा. ते हरणीला खरारा करीत होते.

सुटीनंतर वर्गात लढाई पुढे सुरू केली तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, भाऊसाहेबांचे किती जण करडीत पडले?"

१९७२ साली पाऊस आला नाही. त्याच वर्षी दिल्लीत वन्यजीवांचा कायदा होऊन शिकारीवर बंधनं आली, पण आमच्याकडे त्याची बातमी कुणी वाचली नाही. लोक खडी फोडत होते आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो खात होते. ज्वारीच नव्हती, तर डुकरं कशाला येतील? मामांच्या वळईत कडबा उरला तो एका जोडीपुरता. एकीकडे देवणी बैल, दुसरीकडे हरणी. "बैल ऱ्हायले तर शेत ऱ्हाईल," मामा म्हणाले. पुढचं बोलले नाहीत.

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार तिथला. दोन मुक्कामांची वाट आम्ही दोघं पायी चाललो. हरणीवर कुणी बसलं नाही. तिच्या बरगड्या दिसत होत्या.

बाजारात एका गिऱ्हाइकाने दात बघितले, खूर उचलून बघितले आणि मला विचारलं, "खोड काय हाय?"

"पडलेल्या माणसाला सोडून जात नाही," मी म्हणालो.

त्याने घासाघीस केली नाही. मामांनी नोटा तीनदा मोजल्या आणि तिन्ही वेळा बेरीज वेगळी आली.

परत येताना एस.टी.त मामांच्या मांडीवर लगाम होता. जनावर द्यावं पण दावं देऊ नये, म्हणून तो ठेवून घेतलेला. कंडक्टर तिकिटं फाडत आला. लगामाकडे बघून म्हणाला, "आन् घोडं कुठाय?"

मामांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्येच. पर बसायला उपेगाचं न्हाई."

सगळी गाडी हसली. मामाही हसले, आणि मग धोतराच्या सोग्याने बराच वेळ डोळे पुसत राहिले. मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, नुसती काळी उघडी रानं होती.