सतरा सप्टेंबर आणि शेवयांचा पाट

"अगं, स्वातंत्र्यदिन तर महिन्यापूर्वीच झाला ना?" असं माझ्या पुण्याच्या मामेबहिणीनं एकदा विचारलं होतं. झाला बाई, पण तो तुमचा! आम्ही मराठवाड्यातली माणसं तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. आमच्याकडे झेंडा लागला तो तेरा महिने उशिरा, १७ सप्टेंबर १९४८ ला. म्हणून या दिवशी आमच्याकडे पुन्हा झेंडावंदन, पुन्हा प्रभातफेरी, आणि मुलांच्या युनिफॉर्मला पुन्हा इस्त्री.

त्या राज्याची राजधानी हैदराबाद. २०२२ साली वन्सच्या दुसऱ्या बाळंतपणाला मी तिकडे गेले होते आणि नेमकी सतरा तारीख तिथंच आली. राजधानीचा थाट तो काय सांगावा! एकाच सकाळी, एकाच शहरात दोन समारंभ. सिकंदराबादच्या परेड ग्राउंडवर केंद्र सरकारचा 'मुक्ती दिन', तर पब्लिक गार्डनमध्ये तेलंगण सरकारचा 'राष्ट्रीय एकात्मता दिन'. आपले मुख्यमंत्रीसुद्धा औरंगाबादचं झेंडावंदन सकाळी लवकर उरकून तिकडे हजर झालेले. एका घरात दोन जावांनी दोन गौरी मांडाव्यात आणि हळदीकुंकवाला येणारीनं आधी कुणाकडे जावं हा प्रश्न पडावा, तसं झालं. मी आपली डिंकाचे लाडू वळता वळता टी.व्ही.वर दोन्ही बघत होते.

नंतर एक दिवस बेगमपेठेत स्वामी रामानंद तीर्थांच्या स्मारकाला जाऊन आले. मुक्तिलढ्याचे हे पुढारी आमच्याच जिल्ह्यात, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तर होते. मीही अर्धवेळ का होईना, मास्तरीणच. तिथं मात्र गर्दी नव्हती. बरं वाटलं.

पुढच्या वर्षी, २०२३ ला, मुक्तिदिनाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. छत्रपती संभाजीनगरला तर आख्खं मंत्रिमंडळ बैठकीला आलं. त्याच सुमारास आमच्या जिल्ह्याचं नावही सरकारदरबारी धाराशिव झालं. आमच्या शाळेत आदल्या दिवशी भाषण करायचं माझ्यावर आलं. पुस्तकातलं मला पाठ होतं, पण म्हटलं, घरातच पंचाऐंशी वर्षांचं पुस्तक बसलेलं आहे, ते का उघडू नये?

आजेसासूबाईंचं माहेर नळदुर्गाजवळचं. तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. रझाकार आले अशी हूल उठली की चुलीवरचं वरण तसंच सोडून बायका-पोरं ज्वारीत लपायची. पुष्कळ घरं रातोरात बैलगाड्या जुंपून सोलापूरच्या हद्दीत गेली. तेरा सप्टेंबरला सोलापूरच्या रस्त्यानं फौज आली, त्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, आणि पाच दिवसांत निजाम शरण आला. हे सगळं त्यांनी भरभरून सांगितलं. मी वहीत उतरून घेत होते.

"आणि मग?" मी विचारलं.

त्या थांबल्या. लसूण सोलत बसल्या. मग म्हणाल्या, "मग शेजारचं शिंप्याचं घर गेलं. मुसलमानाचं होतं. त्यांची पोरगी माझ्यासंगं खेळायची. त्यांनी कुणाचं काय वाकडं केलं नव्हतं. माळ्यावरला शेवयांचा पाट त्यांचाच हाय. माझ्या आईनं उन्हाळ्यात मागून आणला होता. द्यायचा कुणाला?"

लग्न होऊन चौदा वर्षं झाली. त्याच पाटावर मी दर उन्हाळ्यात शेवया केल्या आहेत. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

रात्री ह्यांच्याकडून पुस्तक मागवून वाचलं. पोलीस ॲक्शननंतर नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. मारल्या गेलेल्यांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा, आणि सर्वांत जास्त पोळलेल्या जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद. तो अहवाल कित्येक वर्षं दाबूनच ठेवलेला. बी.ए.ला इतिहास होता माझा! झोप लागेना. माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर मुसलमानाच्या दोघी बहिणी बसतात. सतरा सप्टेंबरला त्या दरवर्षी मान खाली घालून का बसतात, हे मला आजवर कळलं नव्हतं, असं म्हणणंही खोटंच. हे म्हणाले, "कशाला नसती उठाठेव? मुक्तिदिन आहे, चार चांगल्या गोष्टी सांग." बाई, त्यांचंही चुकत नव्हतं. लढणाऱ्यांनी खरंच जिवावर उदार होऊन लढा दिला होता, त्यावर कुणी पाणी टाकावं असं मलाही वाटत नव्हतं.

शेवटी भाषणात मी दोन्ही सांगितलं. ज्वारीत लपलेली पोरं सांगितली, हिप्परग्याचे मास्तर सांगितले, आणि शेवटी शेवयांचा पाटही सांगितला. आकडे नाही सांगितले. तेवढा धीर झाला नाही, शिवाय पोरी सातवीतल्या. टाळ्या जरा कमीच पडल्या. एका सहशिक्षिकेनं नंतर चहाच्या वेळी तोंड फिरवलं. त्या दोघींपैकी धाकटी मात्र मधल्या सुट्टीत खोलीच्या दाराशी आली आणि म्हणाली, "बाई, तो पाट अजून आहे का?"

"आहे," म्हटलं.

"आमच्या नानीकडे पण तसाच आहे," असं म्हणून पळाली.

घरी आल्यावर आजेसासूबाईंनी दारातच विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग तेवढा पाट खाली काढ अन् उन्हात ठेव. माळ्यावर कसर लागलीया त्याला."