आलं का?

फेब्रुवारीत साताऱ्याच्या पोवई नाक्यावर लाल फुगे आणि गुलाब दिसू लागले, की मला एक काळी कॅसेट आठवते. लग्नाआधी बाबांनी आईला दिलेली ती एकमेव भेट.

१९८६ साल. दूरदर्शनवर 'नुक्कड' लागायची. सईद मिर्झा आणि कुंदन शाह यांची ही मालिका नाक्यावरच्या साध्या माणसांची: सायकलवाला हरी, हॉटेलवाला कादरभाई, सदा झिंगलेला खोपडी. त्यांच्यातच विजेची कामं करणारा गुरू आणि शाळेत शिकवणाऱ्या टीचरजी. दिलीप धवन आणि रमा विज यांच्या त्या भूमिका. त्या दोघांची ओढ बघणाऱ्याला कळायची. बोलण्यात ती फारशी येत नसे.

बाबांचं राजवाड्याजवळच्या बोळात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. आई सांगलीच्या गावभागातली. शिक्षिका म्हणून साताऱ्यात आली आणि यादोगोपाळ पेठेत खोली घेऊन राहिली. घरमालकांच्या टीव्हीवर मुंग्या येऊ लागल्या म्हणून बाबांना बोलावणं गेलं. ते कौलांवर चढले. अँटेना फिरवत वरून विचारू लागले, "बाई, आलं का?" खाली खिडकीत आई. "आलं... गेलं... आलं, आता हलवू नका!" हे त्यांचं पहिलं बोलणं. पुढे वारा नसलेल्या दिवसांतही बाबा अँटेना बघून जायचे, असं आई सांगते.

एकदा दुरुस्तीला आलेला व्हीसीआर तपासताना त्यांनी कोऱ्या कॅसेटवर 'नुक्कड'चा एक भाग उतरवला. वर चिठ्ठी चिकटवून निळ्या शाईने लिहिलं, 'टीचरजींसाठी', आणि ती आईला नेऊन दिली. आईकडे साधा टीव्हीसुद्धा नव्हता.

"मग घेतलीस कशाला?" मी एकदा विचारलं.

"बघायची तर दुकानात जावं लागणार होतं ना," ती म्हणाली.

लग्नानंतरही बाबा तिला 'बाई'च म्हणत राहिले. संध्याकाळी शटर ओढून घरी आले, की दारातूनच विचारत, "बाई, आलं का?" म्हणजे चहाला आधण. २००० साली दिलीप धवन गेला, तेव्हा भर दुपारी दुकान बंद करून ते घरी आले आणि आईजवळ नुसते बसून राहिले.

पुढे टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा नवा आणणं लोकांना सोपं वाटू लागलं. दुकान बंद झालं, आई निवृत्त झाली आणि दोघं सांगलीला आजीच्या घरी राहायला गेली. कॅसेट बरोबर गेली.

जून २०१९ मध्ये बाबा गेले. ऑगस्टमध्ये कृष्णा घरात आली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. आईला बोटीतून बाहेर काढलं. कॅसेट कपाटाच्या खालच्या खणात राहिली.

पाणी ओसरल्यावर गाळ उपसताना ती सापडली. शाई धुऊन गेली होती, फितीवर चिखल बसला होता. पुण्यात एकाकडून मी ती साफ करून घेतली, जुना व्हीसीआर मिळवला आणि सांगलीला नेऊन लावली. पडद्यावर फक्त मुंग्या. ती फीत ज्यांच्या हातून नीट झाली असती, ते आता नव्हते. मी बटणाकडे हात नेला तर आई म्हणाली, "राहू दे." मुंग्यांकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "गेलं."

१४ फेब्रुवारीला काय द्यावं, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन. तुमच्या घरातल्या दोघांनी मिळून पाहिलेली एखादी मालिका असेल. 'चिमणराव', 'ये जो है जिंदगी', 'श्रीयुत गंगाधर टिपरे', कुठलीही. ती शोधा, त्यांच्यासमोर लावा आणि एक भाग त्यांच्याबरोबर बसून बघा. दोघं आहेत तोवरच बघा.