मानपान

लग्नात जेवण कमी पडले तर लोक विसरतात, पण मान कमी पडला तर तीन पिढ्या विसरत नाहीत, असे आमची आजी म्हणते. यंदा ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयाच्या संगणक-कक्षात काम करताना हाच प्रकार मला एका लोखंडी पेटीत पाहायला मिळाला. पेटीचे नाव स्विच. (दिव्याचे बटण नव्हे!) कक्षातल्या सगळ्या संगणकांच्या वायरी तिच्यात येतात आणि एकच वायर मुख्य इमारतीकडे जाते. संगणक सेकंदाला १००० मेगाबिट ओतू शकतात. बाहेरची वाट मात्र जुनी, १०० मेगाबिटची. मग दाराशी रांग लागते. रांग आली की मानपान आलेच.

प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक पत्ता मिळतो, ४८ बिटांचा. लिहिताना १२ अक्षरे, ० ते ९ आणि ए ते एफ यांतली. पहिली सहा सहसा उत्पादकाची, उरलेली त्या कार्डाची; आडनाव आणि नाव म्हणा ना! अमक्या पत्त्याकडून आलेली माहिती तमक्या पायरीवर बसव, असे स्विचला सांगून ठेवता येते. पायऱ्या आठ, ० ते ७. सर्वांत वरची ७, ती जाळे चालू ठेवणाऱ्या संदेशांची. आवाजासाठी ५. सर्वसामान्य प्रजा ० वर. आणि गंमत अशी की १ ही पायरी ० च्याही खाली! आम्ही कॉलेजचे जुने वार्षिक अंक स्कॅन करून त्या भल्यामोठ्या फाइली मुख्य इमारतीतल्या सर्व्हरवर पाठवत होतो, म्हणून आमच्या यंत्रांना १ क्रमांक मिळाला. घरी सांगितले असते तर आईने साखर वाटली असती.

प्रश्न होता ५ कोणाला द्यायचा याचा. वरून जी यादी आली ती हुद्द्यांच्या उतरत्या क्रमाने होती. मला ते पटेना. मोठ्या टेबलावरचे पत्र एक सेकंद उशिरा गेले तर कोणाला कळतही नाही. बोलण्याचे तसे नाही. नुसत्या आवाजाला सेकंदाला १०० किलोबिट पुरतात, म्हणजे आमच्या वाटेचा हजारावा भाग. पण तो वेळेवर मिळाला पाहिजे. उशीर १५० मिलिसेकंदांच्या पुढे जाऊ लागला की माणसे एकमेकांच्या बोलण्यावर आदळू लागतात.

हे आठवायचे कारण माझी एक वर्गमैत्रीण. तिची शिष्यवृत्तीची मुलाखत संगणकावरून व्हायची होती. तिच्या वाडीवर रेंज नाही. आदल्या दिवशी कक्षात सराव केला, तर स्कॅनिंग चालू असताना तिचे प्रत्येक वाक्य दातात खडा आल्यासारखे तुटे. बिचारी तेच उत्तर चार वेळा देत होती आणि दर वेळी तिचा आवाज आणखी लहान होत होता.

“सर, आवाज ओळखून मान देता येणार नाही का?” मी विचारले.

“येईल. पण पत्ता बघून दिला की काम बघावे लागत नाही. सोपे पडते,” सर म्हणाले. आमच्या गावचा अर्धा कारभार याच तत्त्वावर चालतो, हे मी बोललो नाही.

तिच्या मोबाइलचा पत्ता नोंदवूनही भागले नसते. २०१९-२० पासूनचे बरेच फोन वायफायवर आपला खरा पत्ता सांगतच नाहीत. माग निघू नये म्हणून वेगळाच सांगतात, आणि तो बदलूही शकतो. शेवटी सरांनी कोपऱ्यातल्या ७ नंबरच्या संगणकाला ५ ची पायरी दिली. यादीतली मंडळी ० वर आली. एस. टी. तल्या राखीव जागेसारखी ती खुर्ची राखीव झाली.

मुलाखत अठ्ठावीस मिनिटे चालली. आमचे अंक दाराशी ताटकळत होते, पण तिला एकदाही “पुन्हा सांगा” असे कोणी म्हटले नाही. निकाल अजून यायचा आहे.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर ७ नंबरवर प्रथम वर्षाचा एक पठ्ठ्या बसलेला. बहिणीच्या लग्नाची चित्रफीत नातेवाइकांसाठी इंटरनेटवर चढवत होता. पत्ता तोच, म्हणून मानही तोच! वऱ्हाड पहिल्या पंगतीला आणि बाकी सारे कॉलेज मागे उभे. त्याला उठवायचे की नियम बदलायचा, यावर सरांचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही.