दोन कंपन्या आणि एक भेग

जुन्या कंपनीचं म्हणणं असं, की भेग तुम्हाला आमच्या पॉलिसीच्या काळातच कळली होती, मग तेव्हाच का कळवलं नाही? नव्या कंपनीचं म्हणणं असं, की भेग तुम्हाला आमच्याकडे येण्याआधीच ठाऊक होती, मग प्रपोजल फॉर्मवर का लिहिलं नाही? दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात आली. दोन्हींना पुरावा एकच, वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी (मेघे)मधल्या एका घराच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली तारीख. अक्षर इंजिनिअरसाहेबांचंच. ते आजही दोन्ही पत्रं समोर ठेवून विचारतात, “सांगा, यातलं खोटं कोणतं?” खोटं एकही नाही, आणि नेमकं तेच त्यांना झोंबतं.

साहेब वर्ध्यात बँकांच्या पॅनलवर आहेत. गृहकर्जाची फाइल आली की घर पाहायचं, मोजमाप घ्यायचं, चतुःसीमा तपासायची, फोटो काढायचे, किंमत लिहायची. अमेरिकेत घर घेणारा माणूस स्वतःच्या पैशाने स्वतःचा तपासनीस नेमतो. टेक्सास राज्यात तर अशा तपासनिसाला लायसन्ससाठी किमान एक लाख डॉलरचा दायित्व विमा दाखवावा लागतो. आपल्याकडे घर घेणारा ओळखीच्या मिस्त्रीला सोबत नेतो, मिस्त्री भिंतीवर दोन टिचक्या मारतो, आणि उरलेला भरवसा ‘बँकेचा माणूस येऊन पाहून गेला’ या वाक्यावर चालतो. बँकेचा माणूस कर्ज वसूल होईल की नाही हे पाहायला आलेला असतो, घर टिकेल की नाही हे पाहायला नव्हे. हा फरक कर्जदाराला कोणी सांगत नाही. रिपोर्टही त्याला सहसा दिसत नाही, फी मात्र त्याच्याच खिशातून जाते.

त्यात ही वर्ध्याची काळी माती. पावसाळ्यात फुगते, एप्रिल-मेमध्ये आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया तिच्यातच उथळ थांबला की घर तिच्यासोबत वर-खाली होतं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. उपाय नवा नाही. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी अंडर-रीम्ड पाइलचं तंत्र विकसित केलं, त्यालाही कित्येक दशकं झाली. पण शहराला लागून असलेल्या लेआउटमध्ये दोन खोल्यांचं घर बांधणारा ठेकेदार खोदकामातच पैसे वाचवतो. एकदा प्लास्टर आणि पुट्टी झाली की पाया किती खोल आहे हे बाहेरून कोणत्याही इंजिनिअरला दिसत नाही. रिपोर्टमध्ये ‘फक्त नजरेने पाहणी’ असं लिहिलेलं असतं ते त्यासाठीच.

सिंदी (मेघे)मधलं ते घर साहेबांनी 2020 मध्ये पाहिलं होतं. तेव्हा भिंती स्वच्छ होत्या. 2023 च्या मे महिन्यात घरमालकाच्या वडिलांचा फोन आला, “साहेब, तुम्ही पाहूनच तं गेले होते ना घर? एकदा येऊन जा ना जी.” जाणं साहेबांवर बंधनकारक नव्हतं. पॅनलवरचे बहुतेक लोक अशा वेळी फोन उचलत नाहीत. साहेब गेले. काकाजींनी ओट्यावर खुर्ची टाकली, चहा आला. हॉलच्या खिडकीखालून निघालेली चीर जमिनीच्या दिशेने उतरत होती. साहेबांनी खिशातली पेन्सिल काढली, चिरेच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारली आणि बाजूला तारीख लिहिली. चीर वाढते की जागच्या जागी आहे, हे कळायची ही सगळ्यात साधी रीत. “पावसाळा जाऊ द्या, रेघेच्या पुढे गेली तं मला सांगा,” म्हणून ते उठले. ही भेट फुकटातली होती.

वर्षभराने वकिलाची नोटीस आली. दुरुस्तीचा खर्च, भाड्याच्या घरात राहण्याचा खर्च, मनस्ताप, मिळून नऊ लाख. सोबत फोटो जोडला होता तो पेन्सिलीच्या रेघेचा. चीर रेघ ओलांडून वीतभर पुढे गेलेली.

आता पॉलिसीचं. या धंद्यातली पीआय, म्हणजे प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी, ‘क्लेम्स मेड’ पद्धतीची असते. गाडीच्या विम्यात अपघात झाला त्या दिवशी पॉलिसी चालू होती का, एवढं पाहतात. इथे दोन अटी एकदम जुळाव्या लागतात. तुमच्यावरचा दावा पॉलिसी चालू असताना आलेला हवा, आणि ज्या कामाबद्दल दावा आहे ते काम ‘रेट्रो डेट’नंतरचं हवं. दरवर्षी त्याच कंपनीकडे खंड न पाडता नूतनीकरण केलं तर पहिल्या वर्षाची रेट्रो डेट पुढे चालत राहते. साहेबांची 2017 ची होती. सप्टेंबर 2023 मध्ये एजंटने दुसऱ्या कंपनीचं कोटेशन आणलं. कव्हर तेवढंच, प्रीमियम दोन-अडीच हजारांनी कमी. “आधीची पॉलिसी आहे म्हटल्यावर कन्टिन्यूच धरते सर कंपनी, टेन्शन नका घेऊ,” एजंट म्हणाला. फॉर्मवर जुन्या पॉलिसीचा नंबर लिहिलेला होता, साहेबांनी तो स्वतः पाहिला होता. पण पॉलिसी आली तेव्हा शेड्यूलच्या दुसऱ्या पानावर, पत्ता आणि जीएसटी नंबराच्या खाली, रेट्रो डेट होती सप्टेंबर 2023. म्हणजे आधीच्या सहा वर्षांचे सगळे रिपोर्ट एका फटक्यात उघड्यावर.

जुन्या पॉलिसीची दारं एव्हाना बंद झाली होती. अशा बऱ्याच पॉलिसींमध्ये मुदत संपल्यावर दावा कळवायला 90 दिवस जास्तीचे मिळतात. नोटीस त्यानंतर आली. एक वाट उरत होती. पॉलिसी चालू असताना ‘यातून पुढे दावा निघू शकेल’ अशी एखादी घटना लेखी कळवून ठेवली, तर पुढे येणारा दावा त्या पॉलिसीत धरला जातो. जुन्या कंपनीने विचारलं, मे 2023 मध्ये तुम्ही भिंतीवर तारीख लिहिली, म्हणजे घटना तुम्हाला कळली होती, कळवलीत का? नव्या कंपनीच्या पत्रात रेट्रो डेटचा मुद्दा होताच, वर पुन्हा हीच पेन्सिल. फॉर्मवर प्रश्न असतो, ‘दावा होऊ शकेल अशी कोणतीही परिस्थिती आपल्याला माहीत आहे का?’ एजंट त्या पानावरच्या सगळ्या चौकटींत ‘नाही’ची खूण करून आणतो. सगळेच एजंट तसंच करतात.

साहेबांचा संताप इथे येऊन अडतो आणि पुढे सरकत नाही. फोन उचलला नसता तर? गेलो नसतो, तारीख लिहिली नसती, तर निदान ‘माहीत होतं’ असं कोणाला म्हणता आलं नसतं! ज्याने टाळलं तो विम्याच्या भाषेत निर्दोष, आणि ज्याने काकाजींचा चहा घेऊन दोन रेघा मारल्या तो ‘माहिती दडवणारा’. घरात चीर पडणं ही वर्ध्यात बातमी नाही. प्रत्येक उन्हाळ्यात प्रत्येक इंजिनिअरला असे पाच-सात फोन येतात. ते सगळे कंपनीला लेखी कळवायचे म्हटलं तर पुढच्या वर्षी प्रीमियम कुठे जाईल? कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. आग लागलेल्या घराचा विमा आगीनंतर कोणी उतरवत नाही. पण चीर आणि आग यांत बरंच अंतर आहे, आणि ते मोजायची रीत कोणत्याही पॉलिसीत लिहिलेली नाही.

त्यानंतर साहेबांनी पॉलिसी खऱ्या अर्थाने वाचायला घेतल्या. सरकारी चारपैकी दोन कंपन्यांची आणि एका खासगी कंपनीची कोटेशनं मागवली. एकीचा फॉर्म उघड उघड डॉक्टरांसाठी होता, ‘खाटांची संख्या’ हा रकाना तसाच राहिलेला. सेवाग्राम आणि सावंगीच्या मेडिकल कॉलेजांमुळे इथल्या एजंटांना डॉक्टरांची पॉलिसी तोंडपाठ. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं, त्यानंतर तो बाजार वाढला. इंजिनिअरांच्या पॉलिसीचा बाजार तसा वाढलेला नाही. प्रीमियमच्या आकड्यांत तिन्ही कोटेशनं जवळपास सारखीच होती. फरक आतल्या पानांत. एका दाव्याला किती आणि वर्षभरात मिळून किती, हे प्रमाण एकात 1:1, दुसऱ्यात 1:4. वकिलाचा खर्च कव्हरच्या रकमेतूनच वजा होणार की वेगळा, हे एकानेच स्पष्ट लिहिलं होतं, आणि तेही वजा होणार असंच. दहा लाखांच्या कव्हरमधून तीन लाख वकिलाला गेले की उरतात सात, त्यातूनही सुरुवातीचा ठरावीक वाटा आपण भरायचा. मूल्यांकन आणि स्ट्रक्चरल ऑडिट ही दोन वेगळी कामं धरायची की एक, यावर तिघांचं उत्तर तीन तऱ्हेचं. जुनी रेट्रो डेट लेखी द्यायला एकच कंपनी तयार झाली, तीही ‘माहीत असलेलं प्रकरण सोडून’.

नोटिशीला वकिलाने दिलेलं उत्तर सरळ आहे. साहेबांना नेमलं बँकेने, कर्जदाराशी त्यांचा करार नाही. हा बचाव किती टिकेल, यावर वर्ध्याच्या कोर्टाच्या आवारात दोन मतं आहेत. ग्राहक कायद्यात सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक ठरू शकतो. आणि इंग्लंडमध्ये 1989 मध्येच हाऊस ऑफ लॉर्ड्सने स्मिथ विरुद्ध बुश खटल्यात निकाल दिला आहे. नॉर्विचमधलं साधं घर, कर्ज देणाऱ्या संस्थेने सर्व्हेअर पाठवला, खालच्या मजल्यावरचा धुराड्याचा आधार काढलेला असूनही वरच्या भागाचं वजन कशावर आहे हे पाहायला सर्व्हेअर विसरला, आणि दीड वर्षात धुराडं छतातून खाली आलं. साध्या घराचा खरेदीदार त्याच रिपोर्टवर विसंबणार हे सर्व्हेअरला ठाऊक असतं, तेव्हा जबाबदारी त्याची, असं न्यायालयाने म्हटलं. आपल्या ग्राहक आयोगावर तो निकाल बंधनकारक नाही, पण साहेबांनी त्याची प्रिंट काढून ठेवली आहे. प्रतिपक्षालाही तो सापडला असेल, अशी त्यांना धास्ती आहे.

फौजदारी बाजूला तर विमा नावालाही नाही. 24 ऑगस्ट 2020 ला महाडची तारिक गार्डन इमारत कोसळून 16 जण गेले, तेव्हा गुन्हा बिल्डरसोबत आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागारावरही दाखल झाला. मार्च 2019 मध्ये मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला, तेव्हा त्याचं ऑडिट करणाऱ्याला अटक झाली. पॅनलवाल्यांना त्याहून जास्त भीती वेगळीच असते. बुडालेल्या कर्जात संशय आला की बँका इंजिनिअरचं, वकिलाचं नाव बँकांच्या संघटनेकडे कळवतात, आणि एकदा तिच्या यादीत नाव गेलं की सगळ्या बँकांचं काम बंद. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पॅनल वकिलाच्या प्रकरणात म्हटलं, की चुकीचं मत दिलं एवढ्यावरून कटाचा गुन्हा होत नाही. दिलासा आहे, पण बुडालेलं काम कोणतीही पॉलिसी भरून देत नाही.

नोटीस आली त्या दिवसांत साहेब सगळ्यांना सांगत, पीआय पॉलिसी सक्तीची करा, टेक्सासमध्ये आहे तशी. आता ऐकलं तर ते उलटं बोलतात. इंजिनिअरकडे विमा आहे हे एकदा लोकांना कळलं, की प्रत्येक भेगेला नोटीस येईल. आणि पुढच्याच वाक्यात नव्या मुलांना बजावतात, पहिल्या रिपोर्टच्या दिवशी पॉलिसी घ्या, कंपनी बदलू नका, बदललीच तर पैसे भरण्याआधी रेट्रो डेट ईमेलवर लेखी मागा. काकाजींबद्दल मात्र त्यांनी कधी वाकडा शब्द काढलेला नाही. “त्यांच्या जागी मीही नोटीस दिली असती,” असं ते म्हणाले, आणि लगेच, “पण आधी फोन केला असता.”

प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे. बँक त्यात पक्षकार नाही, ठेकेदार नागपूरला गेला, समन्स बजावून मिळत नाही. एका फेरीच्या पाहणीचे बँकेकडून मिळणारे पैसे आहेत तेवढेच आहेत, वकिलाची फी दोनदा वाढली. यंदा साहेबांनी त्याच नव्या कंपनीकडे नूतनीकरण केलं, कव्हर दुप्पट करून. सोडून जायची आता सोय नाही, रेट्रो डेट तिथेच अडकली आहे. एजंटही तोच.