कानाचे दडे

आम्ही कोंकणची माणसें समुद्रसपाटीला जन्मलों आणि तेथेंच वाढलों. दिघीसारख्या खाडीच्या मुखाशीं वसलेल्या गांवीं, समोर जंजिऱ्याचा तट पाहत ज्याचें आयुष्य गेलें, त्याच्या कानांस उंचीची संवय ती काय असणार? ताम्हिणी घाट चढून पुण्यास जातांना कानांत दडे बसावयाचे आणि आंवढा गिळला कीं सुटावयाचे, एवढाच काय तो आमचा अनुभव. मास्तरकीच्या काळांत मुलांचे कान मीं पुष्कळ पिळले. माझा स्वतःचा कान पिळला गेला तो मात्र साठी उलटल्यावर, आणि तोहि विमानांत.

गेल्या भाद्रपदांतील गोष्ट. चिरंजीव बंगळूरास नोकरीला असतात. त्यांना लवकर रजा मिळेना, म्हणून सूनबाई व पांच महिन्यांचा नातू यांस गणपतीसाठीं घरीं आणावयास मी गेलों होतों. जातांना विशेष कांहीं झालें नाहीं. येतांना मात्र मला पडसें झालें होतें आणि नाक पार चोंदलें होतें. विमान मुंबईकडे उतरूं लागलें तोंच नातू जागा होऊन चुळबुळूं लागला. सूनबाईनें त्याला पदराखालीं घेण्याची तयारी केली. माझ्या पलीकडे एक परके गृहस्थ बसले होते. मीं हळूच म्हटलें, "आतां राहूं दे, सूनबाई. थोड्याच वेळांत उतरूं. चारचौघांत बरें दिसत नाहीं."

"बरें, मामंजी," म्हणून तिनें मुलाला खांद्यावर घेतलें.

पांच मिनिटें झालीं नसतील, तोंच पोरानें असा टाहो फोडला कीं पुढच्या चार रांगांतील माना मागें वळल्या. त्याच सुमारास माझ्या डाव्या कानांत कोणीं सुरी खुपसावी तशी कळ उठली. जी कळ मला होत होती, तीच त्या तान्ह्याला होत असेल, एवढें साधें अनुमान मला सुचूं नये! उभ्या जन्मांत धूम आणि वह्नि यांचीं उदाहरणें घोकलेला मी, पण त्या वेळीं माझ्या मनांत एकच विचार होता, कीं हें पोर आपली शोभा करीत आहे. अखेर मला न विचारतां सूनबाईनें पदर सावरला आणि मुलाला छातीशीं धरलें. चार घोट घेतले न घेतले तोंच रडें थांबलें. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मजकडे पाहिलें नाहीं.

नातवाचा कान मोकळा झाला, माझा झाला नाहीं. आगरदांड्याहून फेरीबोटीनें खाडी ओलांडली तेव्हां इंजिनाचा आवाज जणूं भिंतीपलीकडून येत होता, आणि स्वतःचें बोलणें मात्र रांजणांत तोंड घालून बोलावें तसें डोक्यांत घुमत होतें. दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं कान तपासून पडदा लाल झाल्याचें सांगितलें, औषध दिलें, आणि माझ्यांतला मास्तर ओळखून कीं काय, सगळा प्रकार नीट समजावून सांगितला.

विमान पस्तीस हजार फुटांवर असलें तरी आंतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असावा इतका राखलेला असतो. म्हणजे आपण कळसूबाईच्या शिखराहूनहि उंच बसलेले असतों, आणि अर्ध्या तासांत समुद्रकांठीं येतों. आठ हजार फुटांवर दाब समुद्रसपाटीच्या सुमारें पाऊणपट असतो. आमच्या नैयायिकांनीं कर्णविवरांत कोंडलेल्या आकाशालाच श्रोत्रेंद्रिय मानलें आहे. पण येथें बंड करते ती पडद्यापलीकडची पोकळी. त्या पोकळींतून घशाच्या वरच्या भागाकडे एक बारीक नळी जाते. सोळाव्या शतकांत इटलींतील युस्टाकी नामक शरीरशास्त्रज्ञानें तिचें वर्णन केलें, म्हणून तिला त्याचेंच नांव आहे. वर चढतांना आंतली हवा या नळींतून सहज बाहेर पडते. उतरतांना बाहेरची हवा आंत घेण्यासाठीं मात्र नळी स्नायूंनीं उघडावी लागते. गिळलें, चघळलें, जांभई दिली कीं ती उघडते. पडशानें ती सुजली असली तर उघडत नाहीं, आणि पडदा आंत ओढला जातो. तान्ह्या मुलांची नळी अधिक अरुंद व आडवी असते, आणि त्यांना मुद्दाम गिळावयास कोण सांगणार? म्हणून विमान उतरूं लागतांच त्यांना दूध पाजावें. जातांना मला त्रास कां झाला नाहीं, तेंहि उमगलें. तेव्हां पडसें नव्हतें हें खरेंच, पण बंगळूरच मुळीं तीन हजार फुटांवर आहे. उतार तेवढा कमी.

ही पीडा नवी नाहीं. १ डिसेंबर १७८३ रोजीं पॅरिसहून हायड्रोजनच्या फुग्यांतून उडालेला जाक शार्ल दुसऱ्यांदा एकटाच उंच चढला, तेव्हां त्याच्या उजव्या कानांत तीव्र वेदना झाल्या. आणि आपल्याकडे २० सप्टेंबर २०१८ रोजीं मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानांत दाब राखणारी कळ चालू करावयाची राहिली; १६६ उतारूंपैकीं तीस जणांना नाकाकानांचा त्रास झाला, कित्येकांच्या नाकांतून रक्त आलें, आणि विमान मुंबईस परत आणावें लागलें. एका कळीचा हा प्रताप! नाक धरून, तोंड मिटून हळूच हवा फुंकण्याचा जो उपाय आहे, तो वालसाल्वाच्या १७०४ सालच्या ग्रंथापासून प्रसिद्ध आहे. मात्र जोर करूं नये, आणि पडसें भरांत असेल तर प्रवासच पुढें ढकलावा, असें डॉक्टरांनीं बजावलें.

चतुर्थीस अथर्वशीर्षाचीं आवर्तनें दरसाल मी सांगतों. यंदा माझा स्वर कोठें चालला आहे तेंच मला कळेना. धाकटे बंधु दोनदां माझ्याकडे पाहून थांबले, आणि शेवटीं त्यांनींच सूत्र हातीं घेतलें. रात्रीं आमच्या घरांतून माझ्या उजव्या कानाशीं येऊन म्हणाल्या, "अहो, विमानांत बाळ एवढें रडलें कां, तें तिनें सांगितलें नाहीं हो. मींच खोदून विचारलें."

मी गप्प राहिलों. पांचव्या दिवशीं आरती चालूं असतां जांभई आली, 'टक्' असा आवाज झाला, आणि झांजा एकदम कानांवर आदळल्या.

पुढल्या महिन्यांत सूनबाईला पोंचवावयास पुन्हां मीच गेलों. पडसें नव्हतें; खिशांत खडीसाखर घेतली होती. विमान कलूं लागलें, तसा मीं खांद्यावरची शाल उलगडून परक्या बाजूनें आडवी धरली आणि म्हटलें, "सूनबाई, बाळाला घे."

शाल धरण्यांत दोन्ही हात गुंतल्यानें माझें नाक धरावयास हात उरला नाहीं. तिनेंच माझ्या खिशांतला एक खडा काढून माझ्यापुढें केला.