दृष्टीआड

आईचा औंढ्याचा एकच फोटो आहे आणि त्यात ती उजवीकडे बघते आहे. माझ्या उजवीकडे. चौकटीच्या कडेपलीकडे काहीतरी आहे, त्याच्याकडे. ओठ किंचित उघडे. कुणाला हाक मारायच्या बेतात असावी, किंवा नुकतीच मारून झाली असावी. डोक्यावरून घेतलेला पदर दोन्ही खांद्यांवरून पुढे ओढलाय, हात त्याच्या आत. १९७९ सालचा, कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढा. तेव्हा औंढा नागनाथ परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. आई मागे नागनाथाच्या देवळाची भिंत आहे असं म्हणायची, म्हणून ती भिंत. फोटोत तिथं नुसता काळोख आहे.

वहिनी म्हणते, तुझ्याकडेच बघत असतील. मी तेव्हा पाच वर्षांची होते. पण मला पक्कं आठवतं, मी वडिलांचा हात धरून फोटोवाल्याच्या पाठीशी उभी होते. माझ्याकडे बघितलं असतं तर आई समोर बघताना दिसली असती.

त्या भिंतीपाशी मी यंदा फेब्रुवारीत नवा फोन घेऊन उभी राहिले. भाच्यानं आदल्या रात्री शिकवलं होतं. पडद्यावर उभ्याआडव्या रेघा आणायच्या, बघायची गोष्ट मधोमध न ठेवता रेघा एकमेकींना छेदतात तिथं ठेवायची. जिथं नजर हवी तिथं बोट टेकवायचं. शेजारी लहानसा सूर्य उगवतो, तो खाली ओढला की उजेड उतरतो. औंढ्याला हा सूर्य फार उपयोगी पडला. देवळाचा खालचा भाग काळ्या दगडाचा, यादवांच्या काळातला, हत्ती आणि देवदेवता कोरलेला. वरचं शिखर पुढच्या काळातलं, पांढरं. फोनला काळं काळं ठेवता येत नाही. काळोख दिसला की त्याला वाटतं उजेड कमी पडला, आणि तो दगडाला राखेसारखा करून टाकतो. त्या नादात शिखर आभाळात विरघळून जातं. सूर्य खाली ओढला की शिखर परत येतं आणि दगड दगडासारखा होतो. १९७९ च्या फोटोवाल्यानं आईच्या फिकट लुगड्याचा उजेड धरला असणार, म्हणून मागची सगळी कोरणी काळोखात गेली. हे मला पंचेचाळीस वर्षांनी कळलं, आणि कळलं तेव्हा त्या अनोळखी माणसाबद्दल जवळीक वाटली.

आईच्या तोंडी एक म्हण सारखी असायची, दृष्टीआड सृष्टी. खाणावळीतल्या ताटाबद्दल, सासरी गेलेल्या मुलीबद्दल, सरकारबद्दलसुद्धा. आपल्या नजरेमागं काय चालतं ते कशाला खोदायचं, असा तिचा अर्थ. मला लहानपणी तो अर्थ माहीत नव्हता. आमच्या वाड्यात आड होता, त्यावर रहाट होता. त्यामुळे दृष्टीआड म्हणजे दृष्टी नावाचा एक आड आहे आणि त्याच्या तळाशी सृष्टी आहे, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. झाडं, गायी, बाजार, सगळं खाली पाण्याजवळ. वरून वाकून बघितलं तर फक्त आपलं डोकं दिसतं. हा अर्थ चुकीचा आहे हे कळल्यावरही माझ्या मनातून तो गेला नाही. दुसरी म्हण त्याला येऊन चिकटली, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आडातून पाणी काढायचं ते पोहऱ्यानं. आणि फोटोही आपण काढतोच.

हे क्रियापद माझ्या डोक्यातून जात नाही. दर्शन आपण घेतो, फोटो काढतो. धार काढतो, काटा काढतो, आठवण काढतो, दिवस काढतो. लेकराची दृष्ट काढतो. प्रत्येक ठिकाणी काहीतरी आत असतं ते बाहेर येतं, किंवा संपतं. फोटो काढताना नक्की कशातून काय बाहेर येतं? देवळातून? बघणाऱ्यातून? आमच्याकडची जुनी माणसं म्हणायची की फोटो काढला की आयुष्य कमी होतं. त्याच क्रियापदानं त्यांना तसं वाटायला लावलं असेल का, असं मनात येतं.

औंढ्याला गाभारा जमिनीखाली आहे. पायऱ्या उतरून, अंग चोरून आत जायचं, बसूनच दर्शन घ्यायचं. आईबरोबर तिथं उतरले तेव्हा मला ती जागा आडासारखीच वाटली होती. बाहेर आल्यावर तिनं नामदेवांची गोष्ट सांगितली. नरसीचे नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांना ते चाललं नाही, मागं जाऊन गा म्हणाले. ते मागं गेले, गायला लागले, आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं. इथं सगळ्यांना ही गोष्ट पाठ आहे. पण ऐकणारा नेहमी नामदेवांच्या बाजूला उभा असतो. यंदा मी पहिल्यांदा दुसऱ्या बाजूला उभी राहिले. जे समोर बसून होते, ज्यांची जागा पक्की होती, त्यांच्यासमोर एकाएकी मागची भिंत आली असेल. त्यांनी तेव्हा काय बघितलं? भिंतीकडे बघत बसले, की उठून वळसा घालून गेले? आपण उभे आहोत तीच पुढची बाजू, असं कॅमेरा हातात असला की फारच वाटायला लागतं.

परतीच्या वाटेवर एका शेताशी गाडी थांबवली. हळद शिजवून वाळत घातली होती, अंगणभर. एक बाई ती फावड्यानं हलवत होती.

"माझा कशाला काढायलात बाई," ती म्हणाली, "हळदीचा काढा की."

हळदीचा काढला. पडद्यावर आली ती झेंडूच्या फुलांसारखी पिवळीधमक. समोर होती ती मातकट, सुरकुतलेली, कडेला धूळ बसलेली. बाईनं एक हळकुंड मोडून माझ्या हातावर ठेवलं. आतून गडद नारिंगी, मेणासारखं, आणि वास ओल्या मातीचा. मी पुन्हा काढला, सूर्य खाली ओढून, वर ओढून. प्रत्येक वेळी फोननं स्वतःच्या मनातली हळद दाखवली. आडात नव्हतं ते पोहऱ्यात आलं होतं. ती बाई फोटो बघून म्हणाली, लई छान आलीय, आणि तिला ते खरंच आवडलं. मला काय म्हणायचं होतं ते मी बोलले नाही. बाजारात नेताना हळद घोळून चकचकीत करतातच, तेव्हा तिला तो रंग खोटा का वाटावा?

भाच्यानं नंतर आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून माझी झोप उडाली. कॅमेरा उघडला की फोन बोटाची वाट बघत नाही. तो आधीपासूनच चित्रं घेत असतो, काही क्षणांची साठवतो, जुनी टाकतो. मी बोट टेकवते तेव्हा त्यातली काही निवडून, एकावर एक बसवून तो एक फोटो तयार करतो. म्हणजे मी काढला म्हणते त्यात मी काढायच्या आधीचा उजेडही असतो. आईच्या फोटोत असं नव्हतं. झडप एकदा उघडली, मिटली. तेवढ्यात तिनं मान वळवली होती. रिळावर मोजके फोटो असायचे, तो वाया गेला म्हणून वडील चिडले असतील. तरी धुऊन आणला आणि जपला.

औंढ्याजवळच दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं तिला मंजुरी दिली. तिथं दुर्बीण नसेल. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यात लेसरचा किरण आणि टोकांना आरसे. अवकाशातून गुरुत्वाकर्षणाची लहर आली की नळ्यांची लांबी प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी बदलते, तेवढं मोजायचं. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या अशा दोन यंत्रांनी पहिली लहर टिपली. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी. हे वाचलं तेव्हा माझ्या लहानपणच्या आडाची मला आठवण झाली. खरोखरच नजरेच्या आड केवढी सृष्टी, आणि ती ऐकायला आमचीच जमीन निवडली. पण मनात रुतलं ते वेगळंच. त्या दोन यंत्रांना लहर आली हे कळलं, नेमकी कुठून आली ते कळलं नाही; आभाळाचा एक मोठा पट्टा तेवढा सांगता आला. दिशा सांगायला दूरवर आणखी साक्षीदार लागतो. म्हणून पृथ्वीच्या या बाजूला हे यंत्र हवं.

आईच्या नजरेला साक्षीदार एकच आहे, तो पोस्टकार्डाएवढा कागद.

भिंतीपाशी उभं राहून मी उजवीकडे बघितलं. रांगेचे लोखंडी कठडे, त्यापलीकडे ऊन. वीस-बावीस फोटो काढले. दोन चांगले आले. एकात कठड्याची सावली फरशीवर अशी पडली आहे की ती रांगेत उभी आहे असं वाटतं. समाधान वाटलं, आणि घरी येऊन आईचा फोटो फोननं काढून मोठा करून बघितला तेव्हा ते ढासळलं. आईच्या नाकावर एक पांढरा ठिपका आहे.

आई चमकी डाव्या नाकपुडीत घालायची. ती माझ्या उजवीकडे बघत असेल तर तिचा उजवा गाल माझ्याकडे असणार आणि चमकी दिसायला नको. दिसते आहे, म्हणजे छापताना निगेटिव्ह उलटी लागली असेल. आई दुसऱ्याच बाजूला बघत होती आणि मी इतकी वर्षं चुकीच्या कडेपलीकडे शोधते आहे. नाहीतर तो ठिपका म्हणजे निगेटिव्हवरची धूळ. पदर दोन्ही खांद्यांवर असल्यामुळे डावं-उजवं ठरत नाही. मागची भिंत दिसत असती तर कोरणी जुळवून बघितली असती.

पुन्हा फोटो काढला, खिडकीच्या उजेडात. या वेळी ठिपका नव्हता. फोननं कागदावरचा खरखरीतपणा समजून तो पुसला होता, नाक गुळगुळीत. तिसऱ्यांदा काढला तर ठिपका आला, आधीपेक्षा मोठा, कड धरलेला, हिऱ्यासारखा. मूळ कागद भिंगाखाली धरला. तिथं तो दाणा आहे, एवढंच सांगता येतं.

भाचा शेजारी बसून बघत होता. "मावशी, तो ठिपका काढून टाकू का?" म्हणाला, आणि बोट पडद्यावर नेलं.

थांब, म्हटलं. त्यानं बोट तसंच धरून ठेवलं.